हजेरीत आहे, धड्यात नाही



शिक्षकांच्या या मेळाव्यासाठी इटियाडोह धरणाची जागा निवडलीत हे मला फार आवडलं. का, ते पुढे सांगतो. निसर्गसौंदर्य हे त्याचं कारण नाही.

दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याची केंद्राची योजना १९७४ची. पहिला व्यापक कायदा १९९५चा, शिक्षणहक्क २००९चा. २०१६च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ केले. दार उघडायला कायदा कमी पडला असं कुणी म्हणू नये. अडचण दाराच्या आत आहे, आणि ती सहावीपासून वाढते. प्राथमिकला एकच गुरुजी दिवसभर वर्गावर असतात. कुणाला ऐकू कमी येतं, कोण अक्षरं उलटी काढतं, हे त्यांना लवकर कळतं. सहावीत तेच पोर पाच-सहा शिक्षकांत वाटलं जातं. गणिताच्या सरांना वाटतं मराठीच्या मॅडम बघतील, मॅडमना वाटतं विशेष शिक्षक बघतील. आणि विशेष शिक्षक म्हणजे अनेक शाळांचा फिरता माणूस. तो येईल तो दिवस त्या पोराचा, बाकी दिवस हजेरीपटावर नाव.

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवून दिलं. ती पदं भरलीच पाहिजेत. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या माणसाकडून आपण कोणत्या तोंडानं निष्ठा मागतो, हेही विचारलं पाहिजे. या मागणीत मी तुमच्यासोबत आहे. पण उद्या सगळी पदं भरली तरी सातवीचा भूगोल तुम्हीच शिकवणार आहात.

भूगोलाचंच घेऊ. सातवीला समोच्च रेषा येतात. फळ्यावर वेड्यावाकड्या रेघा काढून आपण समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. ज्याला दिसत नाही त्याला त्यातलं काही मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर ज्यांना दिसतं त्यातल्या बऱ्याच जणांनाही मिळत नाही. आता या धरणाकडे बघा. गाढवी नदीवरचं हे पाणी उन्हाळ्यात जसजसं खाली जातं, तसतसे काठावर त्याचे थर उमटतात. एकेका पातळीवर पाणी टेकलं होतं तिथली ती खूण, म्हणजेच समोच्च रेषा. चढ उभा असेल तिथे खुणा दाटीनं, उतार सपाट असेल तिथे लांब लांब. हेच शाळेत करायचं तर परातीत मातीचा डोंगर करा, पाणी भरा, थोडं थोडं काढत जा आणि दर वेळी काठाला जाड सुतळी बसवा. ज्याला दिसत नाही तो बोटांनी दाट कुठं, विरळ कुठं ते सांगेल. ज्याला ऐकू येत नाही त्याला पाणी उतरताना दिसेल. वाचायला अडखळणाऱ्याला पुस्तकाआधी गोष्ट कळलेली असेल. ही परात त्या एका पोरासाठी कोपऱ्यात ठेवू नका. सगळ्या वर्गाचा तास तिच्यावरच घ्या. समावेशन म्हणून जे काही आहे ते मला या तासाच्या तयारीत दिसतं. रॅम्पचा फोटो काढून पाठवण्यात नाही.

आता आपल्या भागाचं एक दुखणं. २०१६च्या कायद्यातल्या यादीत सिकलसेल आहे, हे इथल्या किती जणांच्या ध्यानात आहे? पूर्व विदर्भात हा आजार नवा नाही. तो असलेलं पोर बाहेरून धडधाकट दिसतं, म्हणून त्याच्या वाट्याला सहानुभूतीही येत नाही. थंडी लागली, अंगातलं पाणी कमी झालं, दमछाक झाली की हाडं ठणकतात. चार दिवस घरी राहिलं की आपण म्हणतो, दांडी मारतो. पौषातल्या थंडीत परिपाठाला उघड्यावर उभं करतो, तासाला पाणी प्यायला उठलं तर रागावतो. दिव्यांग प्रमाणपत्रावर ४० टक्के लागतात ते सवलतींसाठी. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यायला कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही. चुकलेल्या धड्याचा गोषवारा शेजारच्या मुलाच्या वहीतून पाठवायलाही लागत नाही.

परीक्षेचं थोडक्यात. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं कायद्यात आहे. दहावीच्या तोंडावर पालक धावपळ करतात, कारण आठवीपर्यंत कुणी काही नोंदवलेलंच नसतं. सहावीच्या चाचणीपासून जादा वेळ द्या आणि तो दिल्याचं लिहून ठेवा. ‘पोरगं ढ आहे’ हा शेरा तोंडी चालतो, म्हणून तो कधी तपासला जात नाही.

संयोजकांना माझी एक विनंती आहे. दुपारच्या सत्रात भाषणं नकोत. विषयवार बसू, प्रत्येक गटात एक विशेष शिक्षक घेऊ. पुढच्या आठवड्यात जो धडा शिकवायचा आहे तोच काढू आणि आपल्या वर्गातलं ते एक पोर डोळ्यांपुढे ठेवून त्या धड्याचं टाचण नव्यानं लिहू. पुस्तकं आणली नसतील त्यांनी शेजाऱ्याची घ्यावीत.