बारावा गडी, सोळावा गडी

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



आम्ही पार्से गावचे. पदविका घेतली, राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि फायलींच्या सोबतीने चाळिशी ओलांडली. व्याख्यान देणे हा आमचा धंदा नव्हे. पण मैदानाच्या कडेला उभे राहून सामना पाहणे हा आमचा जुना छंद आहे. म्हणून आज आम्ही खेळाडूंवर बोलणार नाही, खेळ पाहणाऱ्यांवर बोलणार आहोत. फुटबॉलमध्ये अकरा गडी खेळतात, म्हणून प्रेक्षकाला बारावा गडी म्हणतात. रग्बीत पंधरा खेळतात, तिथे तो सोळावा. या सोळाव्या गड्याची कथा आधी सांगतो आणि मग आपल्या बाराव्याकडे येतो.

रग्बी आपल्याकडे फारशी कुणी पाहत नाही, तेव्हा दोन शब्द खेळाविषयी. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो हातात घेऊन पळायचे, पण हाताने पुढे फेकायचा नाही, मागच्या किंवा बाजूच्या गड्याकडेच द्यायचा. समोरच्याने कमरेला मिठी मारून आडवे पाडायचे. कबड्डीतली पकड आणि फुटबॉलची धाव एकत्र करा, साधारण कल्पना येईल. खेळ दांडगा, अंगावर येणारा. आणि तरीही या खेळाच्या मैदानावर दोन्ही बाजूंचे प्रेक्षक बहुधा शेजारी शेजारी बसतात, मध्ये पोलिसांची रांग लागत नाही.

या खेळाचा आपल्या देशाशी एक चांदीचा धागा आहे. १८७३ साली कलकत्त्यात इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. पाच वर्षांत तो बंद करायची वेळ आली. सभासदांनी बँकेतले शिल्लक २७० चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्यांचा करंडक घडवला. त्याच्या कानांना नागांचे आकार आहेत आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या ‘कलकत्ता कप’साठी झुंजतात. तिकडच्या प्रेक्षकांचा जीव दीडशे वर्षे वरखाली करणारी ही चांदी आपल्या नाण्यांची आहे.

आता देशोदेशीचे प्रेक्षक पाहू.

पहिला वेल्स. कोळशाच्या खाणींचा, प्रार्थनामंदिरांचा छोटा देश. तिथले लोक गातात. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफला न्यूझीलंडचा संघ आला. त्यांनी सामन्याआधी माओरी लोकांचे आवेशाचे नृत्य केले, ज्याला ‘हाका’ म्हणतात. त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी आपले देशगीत सुरू केले आणि सगळे मैदान गाऊ लागले. आंतरराष्ट्रीय सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणायची चाल तिथून पडली, असे मानतात. सामना वेल्सने जिंकला. तिथल्या माणसांना एकत्र गायची सवय मैदानाने लावली नाही. ती रविवारच्या प्रार्थनेतून आणि खाणीवरच्या गायकवृंदातून आली होती. मैदानावर ती फक्त मोठ्याने ऐकू आली.

दुसरा न्यूझीलंड. तिथे रग्बी म्हणजे घरचे दैवत. पण १९८१ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ तिथे दौऱ्यावर आला, तेव्हा त्याच देशाचे दोन तुकडे झाले. आफ्रिकेत वर्णभेद चालू असताना त्यांच्याशी खेळायचे कसे, असा एका बाजूचा सवाल. खेळात राजकारण नको, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. २५ जुलैला हॅमिल्टनला निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. घराघरांत भांडणे लागली. खेळावर जीव असलेल्यांनीच खेळ थांबवला. त्यांना कुणी बेइमान म्हणाले असेल, पण आज तो देश त्यांचे नाव आदराने घेतो.

तिसरा तोच दक्षिण आफ्रिका. तिथे रग्बीचा हिरवा सदरा म्हणजे गोऱ्यांच्या सत्तेची खूण. काळे प्रेक्षक वर्षानुवर्षे आपल्याच देशाच्या संघाविरुद्ध, पाहुण्यांच्या बाजूने ओरडत. २४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला तोच हिरवा सदरा घालून, पाठीवर कर्णधाराचा सहा क्रमांक लावून मैदानात आले. समोर बहुतेक गोरे प्रेक्षक. त्यांनी मंडेलांच्या नावाचा गजर केला. आफ्रिकेने न्यूझीलंडला १५–१२ असे हरवले. एका सदऱ्याने सगळी जखम भरली असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच दुसऱ्याची खूण अंगावर चढवली, ही गोष्ट लहान नव्हे.

चौथा आयर्लंड, आणि सीमेवरच्या आपल्यासारख्यांनी तो नीट ऐकावा. त्या बेटाची फाळणी झाली. उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे, बाकीचा स्वतंत्र. पण रग्बीचा संघ एकच राहिला. सीमेच्या दोन्ही अंगांचे लोक एकाच संघासाठी ओरडतात. कुणाचे राष्ट्रगीत म्हणायचे यावर अडले, तेव्हा १९९५ साली संघासाठी सर्वांना म्हणता येईल असे वेगळे गीत करून घेतले. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर १९२० साली ब्रिटिश शिपायांनी प्रेक्षकांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्याच मैदानावर २४ फेब्रुवारी २००७ रोजी इंग्लंडचा संघ खेळायला आला. इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजणार, तेव्हा काय होईल अशी सर्वांना धास्ती होती. हजारो आयरिश लोक उभे राहिले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग सामन्यात इंग्लंडला ४३–१३ असे धुऊन काढले. मान राखायचा आणि खेळात सोडायचे नाही, दोन्ही जमते.

पाचवा फिजी. सगळ्या देशाची वस्ती दहा लाखांच्या आत. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये सात गड्यांच्या रग्बीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्या देशाचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. पुढच्या वर्षी सरकारने त्या आनंदात सात डॉलरची नोट काढली. लहान देशाचा आनंद मोठ्या देशाच्या आनंदापेक्षा लहान नसतो, हे गोव्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आणि सहावा जपान. २०१९ साली तिथे विश्वचषक झाला. किताक्युशू नावाच्या शहरात वेल्सचा संघ नुसता सराव करायला आला, तर सुमारे १५ हजार माणसे जमली आणि त्यांनी वेल्सच्या भाषेतले गीत पाठ करून म्हटले. अतिथी देवो भव आपण म्हणतो. त्यांनी ते तालमी करून दाखवले. पुढे वादळ आले, काही सामने रद्द झाले. कामाइशी गावात कॅनडाचा सामना होणार होता, तोही गेला. तेव्हा कॅनडाच्या खेळाडूंनी फावडी उचलली आणि गावातला चिखल काढला.

सहा देश झाले. आता गुण कुणाला किती, असे कुणी विचारील. आवाज मोजून गुण देता येत नाहीत. आमच्या मते प्रेक्षकाची परीक्षा दोनच ठिकाणी होते. एक, समोरच्या संघाने चांगला खेळ केला तेव्हा. दुसरी, आपला संघ हरला तेव्हा. ही मोजपट्टी घेऊन आता घराकडे वळू.

वाटेत कोलकाता लागते. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. १९११ साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून शील्ड जिंकली. ईस्ट बंगालचा क्लब १९२० सालचा. पुढे फाळणीत घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना तो माहेरासारखा झाला. ईस्ट बंगाल जिंकला की हिल्सा मासा, मोहन बागान जिंकला की कोळंबी, असा तिकडचा रिवाज. मासळीवाल्याला निकाल आधी कळतो म्हणायचे. पण याच वेडापायी १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जण मेले. घरून सामना पाहायला निघालेले सोळा जण परत आले नाहीत. आणि त्याच शहरात ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हा दोन्ही क्लबांचे समर्थक आपापले झेंडे घेऊन एकाच रस्त्यावर न्याय मागायला उतरले. प्रेक्षक तेच, शहर तेच. जोश कुठे वळवायचा, एवढाच फरक.

मग आपले कोल्हापूर. क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात फुटबॉलचे असे वेड दुसऱ्या शहरात नाही. तिथले संघ पेठांतल्या तालमींचे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. राजर्षी शाहूंनी कुस्तीला आश्रय दिला, तालमी फोफावल्या, आणि लाल मातीतली ईर्ष्या फुटबॉलच्या हिरवळीवर आली. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ ओस पडते. विश्वचषक आला की गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक एकमेकांकडे डोळे वटारून उभे. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण तिथेही समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी स्पर्धेचा बेरंग झाल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पेठेचा अभिमान चांगला. दगड हातात आला की तो अभिमान राहत नाही.

आणि गोवा. गोव्यात फुटबॉल आला तो आमच्या उंबरठ्यावर. १८८३ साली फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी शिवोलीत तो आणला, असे सांगतात. चोपड्याच्या पुलावर उभे राहिले की पलीकडे शिवोली दिसते. पण चेंडू नदी ओलांडून पेडण्यात रुजण्याऐवजी दक्षिणेकडे सासष्टीला गेला. चर्चच्या शाळांबरोबर, धर्मगुरूंबरोबर तो वाढला. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स ही नावे देशभर झाली. ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले. २०१२ साली फुटबॉल हा राज्याचा खेळ ठरला.

आमच्या पेडण्यात मैदानावर क्रिकेट, व्हॉलीबॉल, कबड्डी जास्त. पण प्रेक्षक म्हणून आम्ही कच्चे नाही. रात्रभर दशावतार पाहणारा, संकासुराला हसणारा, पहाटे राजाच्या तलवारबाजीला जागणारा, चवथीत वाड्यावाड्यांच्या घुमट आरत्या कान देऊन ऐकणारा आणि कुणाची चाल सरस यावर वाद घालणारा हा प्रेक्षक आहे. वेल्सच्या लोकांना प्रार्थनेने जे दिले, ते आम्हाला भजनाने आणि जत्रेने दिले आहे. दशावतारात खलनायक चांगला रंगला तर आम्ही त्यालाही बक्षीस देतो. मग मैदानावर समोरच्या गोलंदाजाला टाळी द्यायला हात का जड व्हावा?

आता मुद्द्याचे. एप्रिल २०२४ मध्ये फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा उपांत्य सामना झाला. एका बाजूला एफसी गोवा, दुसऱ्या बाजूला मुंबई सिटी. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २–० ने पुढे. लोक उठून घरी जायच्या बेतात. आणि शेवटच्या काही मिनिटांत मुंबईने तीन गोल केले. ३–२. फातोर्डा गप्प.

त्या रात्री इथल्या मराठी घरांत काय झाले असेल? तुमच्यापैकी कुणाचे मूळ सावंतवाडीकडे, कुणाचे कोल्हापूरकडे, कुणाचे थेट पुण्या-मुंबईला. पण तीन पिढ्या याच मातीत झाल्या. आजोबांच्या तोंडी मुंबई, नातवाच्या अंगावर गोव्याचा केशरी सदरा. अशा घरात मुलाला कुणीतरी, कधी शाळेत, कधी नात्यातला, हमखास विचारतो, “तू नेमका कुणाचा?” प्रश्न थट्टेचा असतो, पण मुलाला तो बोचतो. मराठी बोलतो म्हणून गोव्याचा कमी, गोव्यासाठी ओरडतो म्हणून मराठीपण कमी, असे त्याला वाटू लागते.

आम्ही त्या मुलाला एवढेच सांगू, की आयर्लंडकडे बघ. सीमा नकाशावर असते, सदरा अंगावर असतो आणि भाषा जिभेवर. तिन्हींचे भांडण असलेच पाहिजे असे नाही. तू गोव्यासाठी घसा फाटेपर्यंत ओरड, मराठीतून ओरड. आजोबांना मुंबईसाठी टाळ्या वाजवू देत. सामना संपला की दोघे एका पंगतीला बसा. आणि आई-वडिलांनीही मुलाला आपली बाजू निवडू द्यावी. निष्ठा वारशाने लादली की ती हट्ट होते.

चवथ उरकली, पाऊस ओसरला की गावोगावच्या स्पर्धा सुरू होतील. आमच्या तीन विनंत्या आहेत. पंचाला शिवी देऊ नका. तो बहुधा तुमच्या-आमच्यासारखाच नोकरी सांभाळून उन्हात उभा असतो. बाहेरगावचा संघ आला तर त्याला आधी पाणी, मग खेळ. जेवणाची वेळ झाली असेल तर पेजेचे का होईना, पण पान वाढा. आणि हरलेल्या संघाच्या पोरांशी बक्षीस समारंभानंतर दोन शब्द बोला. जिंकलेल्यांभोवती गर्दी असतेच.

एवढे केले तर पार्सेच्या मैदानाला जगातल्या कुठल्याही मैदानाची पंगत लाभेल. 

गणपती बाप्पा मोरया!