वेसाव्यातली 'रिकामी' जागा

इयरफोन नीट लावा, कारण आज आपण फिरायला जाणार आहोत. लांब नाही, अंधेरी पश्चिमेला. मेट्रोच्या पाटीवर 'वर्सोवा' लिहिलेलं तुम्ही हजारदा वाचलं असेल. 2014 मध्ये ही मेट्रो सुरू झाली आणि वर्सोवा हे शेवटचं स्टेशन झालं. पण स्टेशनातून बाहेर पडलात की गाव लगेच दिसत नाही. आधी टॉवर, कॅफे, जिम लागतात. रिक्षाने पार टोकाला गेलात की रस्ता अरुंद होतो, सुक्या मासळीचा वास येतो आणि तिथून पुढे वर्सोवा संपून वेसावे सुरू होतं. गावातली माणसं अजूनही वेसावाच म्हणतात.

मी घाटावरचा. बीटेक करून मुंबईत आलो आणि पाच वर्षं इथेच भाड्याने राहतोय. नोकरीत माझं काम नकाशांचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. उपग्रहाचा फोटो घ्यायचा आणि कॉम्प्युटरला शिकवायचं की हे घर, हा रस्ता, हे झाड. यांतल्या कशातच जे बसत नाही, त्याला आमच्याकडे एक शब्द आहे: रिकामी जागा. आज हाच शब्द घेऊन आपण गावात शिरणार आहोत.

वेसावे मालाड खाडीच्या मुखाशी आहे. समोरच्या काठावर मढ. तिथला किल्ला पोर्तुगीजांचा, 1739 मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. रस्त्याने मढला जायचं तर मालाडवरून मोठा वळसा पडतो, फेरीबोटीने पाच-दहा मिनिटं. बोटीत माणसांबरोबर स्कूटरही चढतात, भाजीच्या पिशव्याही आणि म्हावऱ्याच्या पाट्याही.

गाव गल्ल्यांचं. मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली, शिव गल्ली, बुधा गल्ली. 'तू कुठला' विचारलं की उत्तर गल्लीने सुरू होतं. होळी असो, नारळी पौर्णिमा असो, गल्ल्या आपापली तयारी करतात आणि समुद्रावर मात्र अख्खं गाव एकत्र येतं. बोटीचा मालक तो नाखवा, बोट हाकणारा तांडेल, बाकीचे खलाशी. हल्ली खलाशांमध्ये परराज्यांतली मुलंही बरीच आहेत. आणि मासळी किनाऱ्याला लागली की कारभार बायकांच्या हातात. भाव, उधारी, गिऱ्हाईक, सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात. माझ्या ओळखीच्या एका काकींना मी विचारलं, "काकी, एवढं लक्षात कसं राहतं?" त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे मोबाईल आहे ना, म्हणून तुझ्या लक्षात राहत नाही."

आता थोडी टेक्निकल गंमत. इथे ट्रॉलर आहेत, तशीच डोळ मासेमारीही आहे. डोळ म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं. ते समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधायचं, तोंड प्रवाहाकडे ठेवायचं. मासळीच्या मागे धावायचं नाही, भरती-ओहोटीचं पाणीच मासळी आत आणतं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली अशी मिळते. म्हणजे सगळं गणित पाण्याच्या वेळेचं.

ही वेळ कशी काढायची? घरातलं कॅलेंडर उघडा, आजची तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे भरती साधारण तीन वाजता, पहाटे आणि दुपारी. एकादशीला सव्वाआठ. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हा आडाखा चालतो. थोडा पुढेमागे होतो, पण बॅटरी लागत नाही, नेटवर्क लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण, म्हणजे पाण्याला जोर. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. डोळकराचा महिना या दोन शब्दांवर चालतो.

आणि वर्ष? पावसाळ्यात मासळी अंडी घालते. केंद्राच्या नियमाने पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणणं, रंगकाम चालतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि नव्या हंगामाला लागायचं.

आता येतो मुद्दा. बोंबील हा पाण्याने भरलेला मासा. ताजा फार टिकत नाही, म्हणून वाळवायचा. बांबूच्या उंच मांडवावर दोऱ्या ताणतात, त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टांगायची. चांगलं ऊन आणि वारा असेल तर काही दिवसांत कडक. खाली जमिनीवर जवळा पसरलेला. बाजूला जाळी, बाजूला दुरुस्तीला आलेली बोट. आणि पावसाळ्यात? वलांड्यांचे बांबू उभे, पण सगळं मोकळं. नेमका त्याच दिवसांत उपग्रहाने फोटो काढला, तर माझं सॉफ्टवेअर काय म्हणेल? रिकामी जागा.

हे फक्त माझ्या कॉम्प्युटरपुरतं असतं तर मी एपिसोड केला नसता. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली, त्यांचं मॅपिंग करायचं असं ठरलं. त्यानंतर सीमांकनाचं काम सुरू झालं. कोळी संघटनांचा आक्षेप काय? की रेषा घरांभोवती आखली जाते, आणि मासळी वाळवायची, बोटी लावायची, जाळी विणायची जागा रेषेबाहेर राहते. विचार करा, शेतकऱ्याचं घर नकाशात आहे आणि खळं नाही! उद्या त्या जागेवर दुसरंच काही उभं राहिलं, तर कागदोपत्री कुणाचंच नुकसान झालेलं नसेल. घर तर शाबूत आहे ना! पण धंदा गेला, आणि धंदा गेला की त्या घरात राहणारं पोर कोळी फक्त आडनावापुरतं उरेल.

आणि दबाव आहेच. वांद्रे ते वर्सोवा सुमारे 17 किलोमीटरचा सागरी सेतू, पुढे उत्तरेला किनारी रस्ता. मी प्रकल्पांच्या विरोधात बोलत नाहीये. रोज ट्रॅफिकमध्ये मीही अडकतो. पण वरळीचं उदाहरण बघा. तिथे किनारी रस्त्याच्या खांबांमधलं अंतर 60 मीटर ठरलं होतं. मच्छीमार म्हणाले, लाटा आणि वारा असताना एवढ्यातून बोट काढणं धोक्याचं आहे. बराच संघर्ष झाला आणि 2022 च्या डिसेंबरमध्ये ते अंतर 120 मीटर करायचं मान्य झालं. पूल झालाच. फक्त बोटीचा रस्ताही रस्ता आहे, हे डिझाईनमध्ये आलं.

कचऱ्याचंही तसंच. 2015 मध्ये अफरोज शाह यांनी वर्सोवा किनाऱ्याची सफाई सुरू केली, हजारो हात लागले, आणि 2018 मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली. जगभर बातमी झाली. पण आपल्या नाल्यांतून जाणारं प्लास्टिक आधी डोळीत अडकतं. मासळीतून पिशव्या वेगळ्या करायचं काम गावातले लोक रोज करतात. त्याचे फोटो निघत नाहीत.

गंमत म्हणजे देशाला मत्स्यशास्त्र शिकवणारी केंद्रीय संस्था, सीआयएफई, याच वर्सोव्यात आहे. म्हणजे ज्ञान दोन्हीकडे आहे, एक पुस्तकात आणि एक पाण्यात. नकाशा काढताना दोघांना एका टेबलावर बसवलं पाहिजे. मी तांत्रिक माणूस म्हणून सांगतो, हे अवघड नाही. वलांड्यांची जागा फोनवर मार्क करायची, कोणत्या महिन्यात काय वापर होतो ते लिहायचं, गावाने सही करायची. असा डेटा गोळा करायला गावातली कॉलेजची पोरं पुरेशी आहेत.

आणि आपण काय करायचं? वेसाव्यात जा. हंगामात सकाळी लवकर जा, मासळी विकत घ्या. भाव करा, पण काकींशी हुज्जत घालू नका, हराल. फोटो काढण्याआधी विचारा. मांडलेल्या जवळ्यावरून चालू नका. आणि एखादी मोकळी जागा दिसली तर तिथल्या माणसाला एवढंच विचारा, "इथे आठ महिने काय असतं?"

उत्तर मिळालं की मला व्हॉइस मेसेज करा. दुसऱ्या कोळीवाड्यातले असाल, गोराई, मनोरी, उत्तन, कुठलेही, तर तुमच्याकडच्या जागांची नावं पाठवा. पुढचा भाग आपण त्यावरच करू. तोवर काळजी घ्या. भेटू!