दप्तर टिकतं ते तरतुदीने



आज पदवी घेणाऱ्या स्नातकांनो, तुमच्या पदवीची नोंद विद्यापीठाच्या दप्तरी झाली आहे. तीस वर्षांनी कुणी ती पडताळायला आलं, तर ती सापडली पाहिजे. ती सापडेल याची काळजी कोण घेणार आणि त्यासाठी पैसा कुठून येणार, हा प्रश्न समारंभात सहसा निघत नाही. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

पुण्याचं पेशवे दप्तर तुम्ही ऐकून असाल. मोडीतली पत्रं, हुकूम, जमाखर्च, रुमालांत बांधलेले हजारो गठ्ठे. इंग्रजांनी हे कागद सांभाळले, कारण त्यांना ते रोज लागत होते. इनामांचे दावे तपासायचे होते, महसूल ठरवायचा होता. म्हणून दप्तराला जागा मिळाली, कारकून मिळाले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले ते पुढे १९३०च्या दशकात. संशोधकांच्या हाती हा ठेवा आला, कारण त्याआधी कित्येक वर्षं तो एका कचेरीच्या कामाचा होता. ज्या दप्तराची संस्थेला गरज भासते, त्यालाच संस्था आधार देते.

दुसरं उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. मुख्य संपादक वि. सी. सुखटणकर १९४३ मध्ये वारले, तरी काम थांबलं नाही. आधी बेलवलकरांनी, मग प. ल. वैद्यांनी ते पुढे नेलं. पाठभेद नोंदवण्याची पद्धत ठरलेली होती आणि संस्था पाठीशी उभी होती. एका माणसाच्या आयुष्यात न मावणारं काम पिढ्यांच्या हातून असं पार पडतं.

आज आपण जुनी कागदपत्रं स्कॅन करतो आणि ती जपली गेली असं समजतो. पण तेवढ्याने भागत नाही. ब्रिटनमध्ये १९८६ साली बीबीसीने डोम्सडे नावाचा मोठा प्रकल्प केला. देशभरातल्या लोकांनी आपल्या गावांची वर्णनं, छायाचित्रं पाठवली आणि ती लेझर डिस्कवर साठवली गेली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवायला संशोधकांना वेगळी मोहीम काढावी लागली. ज्या ग्रंथाला नऊशे वर्षं झाली म्हणून हे सगळं केलं, तो १०८६चा मूळ डोम्सडे ग्रंथ मात्र आजही वाचता येतो.

अंकीय दप्तराला सतत देखभाल लागते. ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून टिफ स्वरूपात ठेवलं, तर सुमारे २५ एमबी जागा घेतं. एक लाख पानांचे अडीच टीबी झाले. तीन प्रती ठेवायच्या आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, म्हणजे साडेसात टीबी. दर काही वर्षांनी डिस्क बदलायच्या, फाइल बिघडली नाही ना हे चेकसम लावून तपासत राहायचं. हा खर्च दरवर्षीचा आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे जाणता माणूस. मोडी पत्राच्या शेवटी 'छ' लिहून चंद्राची तारीख दिलेली असते, महिना अरबी असतो, वर्ष सुहूर सनाचं. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे की ६००, हे महिना पाहून ठरवावं लागतं. हे ज्याला कळतं तोच पत्राची तारीख नोंदवू शकतो. पत्र कुणी कुणाला लिहिलं, कोणत्या रुमालातलं, ही नोंद नसेल, तर स्कॅन केलेल्या लाख पानांतून हवं ते पान कधीच सापडत नाही.

आपल्याकडे मात्र या कामाला अनुदान मिळतं ते प्रकल्प म्हणून. दोन-तीन वर्षं काम जोरात चालतं. मग अनुदान संपतं, कंत्राटावरची मुलं दुसरीकडे जातात, हार्ड डिस्क कपाटात जाते आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. मुलांनी मेहनतीत कसूर केलेली नसते. संस्थेने ते काम आपलं मानलेलं नसतं. म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरावा लागेल: मंजूर झालेलं कायम पद, वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष आणि व्यवस्थापनाने ठराव करून स्वीकारलेलं धोरण. काय जपायचं, किती काळ, कुणाला पाहू द्यायचं, हे त्या धोरणात लिहिलेलं असावं.

हा आग्रह कुणी सहजासहजी मान्य करणार नाही. तेव्हा संस्थेच्या अडचणीपासून सुरुवात करा. नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की जुन्या इतिवृत्तांसाठी धावपळ होते; आधी तीच इतिवृत्तं लावून द्या. माहिती अधिकार कायदा, २००५चं कलम ४ दाखवा. अभिलेख सूचीबद्ध ठेवणं आणि साधनं असतील त्याप्रमाणे वाजवी मुदतीत ते संगणकावर आणणं, हे त्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांचं कर्तव्यच ठरवलं आहे. वित्त अधिकारी, ग्रंथपाल आणि संगणक विभाग यांना पहिल्याच बैठकीला एकत्र बसवा. दप्तर किती जणांनी वापरलं, कुणाचं काय काम झालं, हे दरवर्षी अहवालात छापा. वापर दिसला की तरतूद मागायला बळ येतं.

स्नातकांनो, तुमच्यातले सगळे अभिलेखपाल होणार नाहीत. कुणी लेखा विभागात जाईल, कुणी शाळेत, कुणी न्यायालयात, कुणी साखर कारखान्यात, पतसंस्थेत किंवा ग्रामपंचायतीत. दप्तर सगळीकडे आहे आणि जिथे निर्णय होतात त्या बैठकांत उद्या तुम्हीच बसणार आहात. माझी एकच विनंती आहे. जिथे जाल तिथे पहिल्या वर्षातच विचारा: आपलं दप्तर कुणाच्या जबाबदारीवर आहे आणि यंदा त्याला तरतूद किती? उत्तरात एक नाव आणि एक आकडा मिळेपर्यंत विचारत राहा.