'करमत नाही' म्हणजे नेमकं काय?

(अलिबाग येथे मुलींच्या वसतिगृहात केलेलं भाषण)



श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रोहा अशा ठिकाणांहून तुम्ही इथं शिकायला आलात. आल्यापासून 'करमत नाही' हे दोन शब्द तुमच्यापैकी बहुतेक जणींनी उच्चारले असतील, नाहीतर रात्री उशीत तोंड खुपसून गिळले असतील. आज त्यांच्याबद्दलच बोलू या.

मी मुरूडजवळच्या एका गावातली. एम.एस.डब्ल्यू. करायला मुंबईला गेले, तेव्हा पहिला महिनाभर मला जेवण जात नव्हतं. कुठून सुकटीचा वास आला तरी डोळे भरून यायचे. एवढी मोठी घोडी झाले आणि रडते काय, म्हणून माझी मलाच लाज वाटायची.

पण यात लाजण्यासारखं काय आहे? १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं स्वित्झर्लंडमध्ये या दुखण्यावर प्रबंध लिहिला. परतणं आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यानं त्याला 'नॉस्टाल्जिया' हे नाव दिलं. पुढे परमुलखात लढणाऱ्या स्विस शिपायांच्या संदर्भात त्याची खूप चर्चा झाली. म्हणजे बंदूकधारी पुरुषही घरासाठी झुरत होते. हा काही 'बायकी हळवेपणा' नव्हे.

आपल्याकडे तर घर सोडणं बाईच्या पाचवीलाच पुजलेलं. लग्न झालं की तिनं निघायचं, आणि दुधात साखर विरघळावी तसं विरघळून जायचं! तिचं मन जात्यावरच्या ओव्यांत तेवढं मोकळं व्हायचं.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. गोपाळरावांची बदली झाली तेव्हा त्या याच अलिबागेत राहिल्या होत्या. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, त्याही नवऱ्याशिवाय. आधी पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाईंना त्यांनी मावशी मानलं. लुगडं सोडलं नाही, आपलं जेवण आपण रांधलं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. घर विसरून नव्हे, घराचा तुकडा सोबत ठेवून आणि परक्या गावात एक नातं जोडून त्या राहिल्या. मात्र तब्येत ढासळत गेली आणि १८८७ मध्ये, बावीस वर्षं पुरी होण्याआधीच, त्या गेल्या. म्हणून सांगते, जिद्द ठेवा, पण दुखणं अंगावर काढू नका.

आता आपल्यापुरतं. घरी फोन करायची वेळ ठरवून घ्या. रात्री एकटीनं रडत फोन केला तर दोन्हीकडची झोप जाते. ताट घेऊन खोलीत जाऊ नका, पंगतीत बसा. आईनं दिलेलं लोणचं शेजारणीला वाढा. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर किनाऱ्यावर फिरून या. आणि पहिल्या काही आठवड्यांत शिक्षण सोडायचा निर्णय घेऊ नका. हे दिवस बहुधा सरतात.

पण इथं माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एक नवी सासुरवाशीण मला म्हणाली होती, "ताई, करमत नाही." मी म्हटलं, "होईल सवय." चार महिन्यांनी कळलं, तिला रात्री खोलीत कोंडून मारत होते. तिनं मला सांगायचा प्रयत्न केला होता. मी ऐकलं ते माहेरची ओढ म्हणून.

तेव्हापासून मी दोन प्रश्न विचारते. तिकडचं काय आठवतं? आणि इथलं काय नको वाटतं? पहिल्याचं उत्तर भरभरून आलं, तर ती घरची ओढ. दुसऱ्याच्या उत्तरात एखादा माणूस आला, त्याचा स्पर्श, त्याची धमकी आली, तर ती ओढ नव्हे, भीती आहे. भीतीची सवय करून घ्यायची नसते. तिथं १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करायचा, विश्वासाच्या बाईला सांगायचं. मन फारच खचलं, झोप-जेवण उडालं, तर १४४१६ वर टेलि-मानसचे समुपदेशक विनामूल्य बोलतात.

तुमच्यात अशाही काही जणी असतील, ज्यांना घराची आठवणच येत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. त्यांनीही अपराधी वाटून घेऊ नये. सगळ्यांचंच घर काही सावली देत नाही.

आज रात्री शेजारच्या खाटेवरून हुंदका ऐकू आला, तर कूस बदलून झोपू नका. उठा, पाणी द्या आणि हे दोन प्रश्न विचारा.