पाठीवरचे बिऱ्हाड आणि फोन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी कोणी स्वयंपाकावर बोलते, कोणी बचतीवर, कोणी मुलांच्या शिक्षणावर. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. मी सातवी शिकलेली, घर आणि गोठा सांभाळणारी बाई. विद्वत्तेचे बोलणे माझ्याजवळ नाही. म्हणून जे रोज दिसते त्याविषयीच चार शब्द सांगावे असे मी ठरवले. ज्यांचे घर एका जागी नसते, अशा माणसांना फोन, इंटरनेट आणि टीव्ही यांची सोय कशी व्हावी, हा माझा विषय. ऐकायला जरा निराळा वाटेल, पण आपल्या दाराशीच तो उभा आहे.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. आपल्या कऱ्हाटीत अशी बिऱ्हाडे दोन तऱ्हेची. एक जाणारी आणि एक येणारी. दिवाळी झाली की आपल्या जिराईत भागातले मेंढपाळ घोड्यांवर संसार लादून घाट उतरतात आणि कोकणात जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. त्याच सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोडकरी येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा या कारखान्यांच्या ऊसपट्ट्यात ओढ्याकाठी, शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या पडतात. नवराबायको मिळून एक कोयता. लहान मूल बरोबर, मोठी मुले गावी आजीजवळ. चार-पाच महिने ही माणसे आपली शेजारी असतात.

माझे माहेर मेंढक्यांचे. वाड्याबरोबर फिरावे लागले म्हणूनच माझी शाळा सातवीत सुटली. त्या वेळी आम्ही कोकणात असताना गावी माझी आजी वारली. निरोप कसा द्यायचा? वाडा आज एका गावात, परवा दुसऱ्या. पत्र घालायचे तर पत्ता कोणता लिहायचा? एका मेंढक्याने दुसऱ्याला सांगितले, त्याने बाजारात तिसऱ्याला, असा निरोप नवव्या दिवशी आमच्या वाड्यावर पोचला. वडिलांना आईचे तोंड दिसले नाही आणि दहाव्यालाही ते वेळेवर पोचले नाहीत. यात दोष कुणाचाच नव्हता. फिरत्या घराला निरोप पोचण्याची वाटच नव्हती.

आणि जगात काय चालले होते पाहा. मुंबईला टेलिफोन १८८२ साली सुरू झाला. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या आर्वी गावाजवळ १९७१ साली उपग्रहामार्फत परदेशाशी बोलण्याचे देशातले पहिले केंद्र उभे राहिले. साता समुद्रापलीकडचे बोलणे आपल्या जिल्ह्यातून जात होते आणि घाटाखालचा निरोप वर यायला नऊ दिवस लागत होते. टेलिफोनची तार घराला बांधलेली असे. ज्याला घर नाही त्याला तार नाही. मोबाइलचे मोल मला त्यामुळेच वाटते. ३१ जुलै १९९५ ला देशात पहिला मोबाइल फोन झाला. खेड्यापाड्यात आणि गरिबाच्या हाती तो यायला आणखी बरीच वर्षे गेली, पण आला तेव्हा माणसाचा पत्ता घराच्या भिंतीवरून निघून त्याच्या खिशात आला.

आता कुणी म्हणेल, मग राहिले काय? प्रत्येकाकडे फोन आहेच. भगिनींनो, फोन आहे, पण तो चालता ठेवणे ही मोठी कसरत आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत रात्री नऊच्या सुमारास ओढ्याकाठच्या कोपीतली एक बाई आमच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. पदराखाली विझलेला फोन. गावी तिच्या धाकट्या मुलीला ताप होता. दुपारी सासूचा फोन येऊन बोलणे अर्धेच झाले आणि बॅटरी संपली. त्यापूर्वी तिने दोन घरी विचारले होते, तिथे नकार मिळाला. मी फोन लावून दिला आणि तिला चहा दिला. अर्ध्या तासाने तिचे बोलणे झाले. मुलीला दवाखान्यात नेले होते, ताप उतरत होता. ती बाई तिथेच ओट्यावर बसून रडली. पहाटे चारला उठून तिला उसात जायचे होते. तो अर्धा तास मिळाला नसता तर ती रात्र तिने कशी काढली असती, ते आया असलेल्या तुम्हांला मी काय सांगावे?

कोपीत आणि वाड्यावर फोनच्या अडचणी तीन. पहिली चार्जिंगची, दुसरी रेंजची, तिसरी रिचार्जची.

चार्जिंगचे पहिले बोलू. कोपीला वीज नसते. शेतातल्या मोटारीची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. काहीजण ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन लावतात. काहींकडे सूर्यावर चालणारा दिवा असतो, त्याला फोनची तार लागते. पॉवर बँक म्हणून विजेची शिदोरी मिळते. ती एकदा गावात भरून नेली की दोन दिवस निभतात. मेंढक्यांना ती फार उपयोगी, कारण घोडीच्या ओझ्यात ती सहज मावते.

रेंजचे असे आहे की फोन हा टॉवरशी बोलतो. मध्ये टेकडी आली, ओढ्याचा खोलगट भाग आला, चहूकडे उंच ओला ऊस आला की बोलणे क्षीण होते. पत्र्याच्या छपराखालीही तेच. रेंज कमी असली की फोन जोर लावून टॉवर शोधत राहतो आणि त्यात त्याची बॅटरी लवकर संपते. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! उपाय साधा आहे. कोप्यांना जागा दाखवताना आपण पाणी जवळ आहे का ते पाहतो; फोन हातात धरून रेंजही पाहावी. पन्नास पावले वर चढावर कोपी पडली तर पाच महिन्यांचा त्रास वाचतो. जागा बदलणे शक्य नसेल तर जवळची उंच जागा हेरून ठेवावी आणि बोलायला तिथे जावे. एका कंपनीची रेंज नसेल तिथे दुसरीची असते. चार कोप्यांत मिळून दोन कंपन्यांची कार्डे असली तर अडत नाही. एका फोनमधले इंटरनेट हॉटस्पॉट लावून दुसऱ्या फोनाला देता येते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

मोठ्या तारेचे इंटरनेट ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याची योजना सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. पण ती तार कार्यालयापर्यंतची आहे, ओढ्याकाठच्या कोपीपर्यंत ती जात नाही. म्हणून मुलांचे धडे गावात चांगली रेंज असताना फोनमध्ये उतरवून घ्यावे. मग कोपीत इंटरनेट नसले तरी मूल ते पाहू शकते.

रिचार्जचा हिशेब आपण बायकांनी नीट समजून घ्यावा. २८ दिवसांचा रिचार्ज मारला तर वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे द्यावे लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ साली कंपन्यांना ३० दिवसांचाही रिचार्ज ठेवायला लावले. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक नियम केला, की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचा आणि संदेशांचा रिचार्जही असला पाहिजे. गावी राहिलेल्या म्हाताऱ्या सासूच्या साध्या फोनला इंटरनेटचे पैसे कशाला भरायचे? दुकानदाराला नेमके हे विचारावे.

टीव्हीचे सांगते. दूरदर्शनची बिनमहिन्याची छत्री २००४ पासून मिळते. तिला आज डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि डबा एकदा घेतला की दरमहा पैसे नाहीत. आपल्या भागात छत्रीचे तोंड आग्नेयेला करावे लागते आणि मध्ये झाड येऊ द्यायचे नाही. वीज असेल तिथे पाच महिन्यांच्या मुक्कामालाही ती परवडते. पण जिथे वीजच नाही तिथे मी रेडिओची बाजू घेईन. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाली. तिला ना रिचार्ज, ना इंटरनेट. माझा भाऊ आजही वाड्यावर सेलवरचा रेडिओ ठेवतो आणि बातम्या ऐकतो. अवकाळी पावसात उघड्यावरची कोकरे गारठून मरतात, तेव्हा आभाळाची खबर ही त्याला करमणूक नव्हे. विजेचा कडकडाट होण्याआधी सावध करणारे 'दामिनी' नावाचे अॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केले आहे. ते त्याच्या फोनवर माझ्या मुलीने घालून दिले.

अमेरिकेत हौशी लोक मोठ्या गाडीतच घर थाटून फिरतात, असे माझ्या मुलीने मला दाखवले. त्यांच्या मुक्कामाच्या ठरलेल्या जागा असतात. जागेचे भाडे भरले की तिथे विजेची खुंटी, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची वाट मिळते. पुष्कळ ठिकाणी इंटरनेटही असते आणि ते हळू चालते म्हणून तिथली माणसे कुरकुरतात! मला हसू आले. हौसेने फिरणाऱ्याला ही सोय, तर पोटासाठी फिरणाऱ्याला निदान विजेची एक खुंटी का असू नये?

आता मनातली शंका बोलून टाकते. आपल्यापैकी काहीजणी म्हणतात, "बाई, आपले वीजबिल वाढते. किती जणांचे फोन लावायचे?" मी मुलीकडून हिशेब करून घेतला. मोठ्या बॅटरीचा फोन रिकाम्याचा पूर्ण भरायला वाया जाणारी वीज धरून सुमारे २५ वॅट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये साधारण ४० फोन. दहा कोप्यांतले २० फोन रोज भरले तर दिवसाला अर्धे युनिट, महिन्याला १५ युनिटे. जुना ६० वॅटचा दिवा रोज आठ तास विसरून जळत राहिला तर जवळपास एवढीच वीज जाते. आपण पाण्याचा तांब्या कुणाला नाकारत नाही. हे त्याहून फारसे महाग नाही.

दुसरी शंका अशी, की फोनमुळे पोरे बिघडतात. बिघडतातही. पण कोपीत राहणाऱ्या बाईला फोन किती आधाराचा आहे ते पाहा. अंधारात दिवसाढवळ्यासारखे कुणी जवळ नसते. तिचा स्वतःचा चालता फोन असणे हीच तिची कडी-कोयंडा. शिवाय रेशनचे पाहा. एक देश एक शिधापत्रिका या सोयीमुळे तिला आपल्या गावच्या रेशन दुकानातही अंगठा लावून धान्य घेता येते. थोडे गावी सासूने उचलावे, उरलेले इकडे हिने. ही माहिती तिच्यापर्यंत पोचवणारे कुणी नसते म्हणून ती बाजारभावाने ज्वारी घेते.

माझी मंडळाला तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, हंगामाचे पाच महिने समाजमंदिरात दहा फोन लागतील असा एक फळा बसवावा आणि संध्याकाळी दोन तास पाळीने एकेकीने तिथे बसावे. विजेचा खर्च हळदीकुंकवाच्या वर्गणीतून सहज निघेल. दुसरी, ज्या मुली दहावी-बारावीला आहेत त्यांनी आठवड्यातून एकदा कोप्यांवर जाऊन बायकांना फोन शिकवावा. नंबर कसा साठवायचा, रिचार्ज कोणता घ्यायचा, आणि बँकेचा म्हणून कुणी ओटीपी विचारला तर सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच कळवायचे. तिसरी, एक पुठ्ठा मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक मुकादमाच्या कोपीवर लावावा. त्यावर एवढेच असावे: कोणतेही संकट ११२, रुग्णवाहिका १०८, बाईला मदत १८१, मुलांसाठी १०९८, जनावरांचा दवाखाना १९६२. रिचार्ज संपला असला तरी ११२ लागतो, हेही खाली लिहावे.

आपले मेंढके बांधव कोकणात जातात तेव्हा तिथल्या कुणा बाईच्या ओट्यावर त्यांचाही फोन लागलेला असतो. गेल्या महिन्यात माझ्या भावाचा व्हिडिओ कॉल आला, त्यात मागे कुणाच्या तरी अंगणातले तुळशीवृंदावन दिसत होते. ती बाई कोण हे मला ठाऊक नाही. तिने आमच्या माणसाला नाही म्हटले नाही, एवढे मला पुरे आहे. आपल्याकडे येणाऱ्यांशी आपण तसेच वागावे.