मल्लांच्या मनांतील खाशाबा

नगर जिल्ह्यांत सोनईसारख्या गांवीं यात्रेनिमित्त कुस्त्यांचा हगामा भरतो. आरंभीं रेवड्यांवर लहान मुलें झुंजतात. उन्हें कलल्यावर नांवाजलेले मल्ल आखाड्यांत उतरतात. जमलेला समुदाय विजयी मल्लाचा जयजयकार करतो, परंतु पुढील वर्षीं त्याचें नांव कितीकांस आठवतें? मल्लांची आठवण मात्र इतकी अल्पजीवी नसते. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचें नांव आजहि तालमींतून आदरानें घेतलें जातें. त्याचें कारण केवळ त्यांचें पदक नव्हे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं झाला. वडील स्वतः मल्ल होते. १९४८ सालीं खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हां तांबड्या मातींत वाढलेल्या या तरुणास गादीवरील कुस्ती नवीन होती. तरीहि त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीस खाशाबांनीं बँटमवेट गटांत कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच गटांत जपानचे शोहाची इशी पहिले आले. महायुद्धांत होरपळलेल्या त्यांच्या देशाला त्या स्पर्धेंत मिळालेलें तें एकमेव सुवर्णपदक होय.

खाशाबा परतले, तेव्हां शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक सरली, कर्ज मात्र उरलें. खाशाबांनीं कोणापुढें हात पसरला नाहीं. त्यांनीं कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं, स्वतः लांग चढविली आणि जिंकलेल्या पैशांतून गुरुजनांचें घर सोडविलें.

पुढें १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत उपनिरीक्षक झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या मशालदौडींत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत त्यांचें निधन झालें. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा वर्षांनीं. कुस्तींत भारताला दुसरें ऑलिंपिक पदक सुशीलकुमार यांनीं २००८ सालीं मिळवून दिलें, तेव्हां वर्तमानपत्रांना खाशाबांची पुन्हा आठवण झाली.

तालमींत ती आठवण करून द्यावी लागत नाहीं. एका क्षणाच्या डावामागें किती वर्षांचे जोर-बैठका असतात, हें ज्यानें स्वतः घाम गाळला त्यासच कळतें. आणि पदक गळ्यांत पडल्यावरहि देणें फेडण्यासाठीं पुन्हा मातींत उतरणारा मल्ल त्याला आपला वाटतो.

१५ जानेवारी हा दिवस आतां महाराष्ट्रांत राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं घरोघरीं मुलांना हेलसिंकीची हकीकत अवश्य सांगावी. पण खर्डीकरांचें घर कसें सुटलें, हें सांगावयास विसरूं नये.