पासष्टीचा उंबरठा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या शुभ दिवशी मी चार शब्द बोलावे, अशी मंडळाच्या चालक बाईंची आज्ञा झाली. मी काही व्याख्याती नव्हे. आपल्या तेरखेड्याच्या शोभेच्या दारूच्या कामात कागदी नळ्या वळण्यात माझी वीस वर्षे गेली. तेव्हा विद्वत्तेचे बोलणे माझ्याकडून होणार नाही. गेल्या साली माझ्यावर जो प्रसंग आला तो तुमच्यापुढे ठेवते. तो ऐकून एखादीची पायपीट वाचली तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

चार वर्षांपूर्वी आमच्या घरच्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्यांना उठवणे, बसवणे, भरवणे, कूस बदलणे हे सारे माझ्याकडे. कामावर जाणे अर्थातच सुटले. एकुलती एक लेक, ती बार्शीकडे दिलेली. राहावयास भाड्याची एक खोली, भाडे महिना नऊशे रुपये. घरच्यांना श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये मिळत, ते औषधपाण्यात आणि तेलमालिशीत जात. रेशनचे धान्य मोफत मिळते म्हणून चूल पेटत होती. पण भाडे कोठून द्यावे?

अशा वेळी २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. त्या ऑगस्टमध्ये जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये खात्यावर पडले, तेव्हा कितीतरी महिन्यांनी मी भाडे वेळेवर दिले. त्या पैशाला मी मनाशी 'भाड्याचा पैसा' असेच नाव ठेवले होते.

पण भगिनींनो, या योजनेला वयाची मर्यादा आहे, २१ ते ६५ वर्षे. मी जन्मले त्या वेळी आमच्याकडे जन्मतारीख लिहून ठेवण्याची रीत नव्हती. आधार कार्ड काढताना लिहिणाऱ्याने विचारले, मी अंदाजाने साल सांगितले आणि त्याने १ जानेवारी १९६० अशी तारीख घातली. आपल्यापैकी अर्ध्याअधिक जणींचा वाढदिवस १ जानेवारीच असेल! त्या अंदाजाच्या तारखेने १ जानेवारी २०२५ रोजी मला पासष्ट वर्षांची केले. डिसेंबरचा हप्ता आला तो शेवटचा. जानेवारी कोरडा गेला. फेब्रुवारीत सरकारने जाहीर केले की पासष्टी ओलांडलेल्या १ लाख १० हजार भगिनींची नावे योजनेतून कमी केली आहेत. आधी दिलेले पैसे परत घेणार नाहीत एवढे समाधान होते, परंतु पुढचे भाडे समाधानाने थोडेच भागते!

अंगणवाडीच्या ताईंनी मला मार्ग दाखविला. ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ योजना आहे आणि तीही १५०० रुपयांचीच. मला वाटले, एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालण्याचे काम, सरकारच ते करील. येथेच माझी चूक झाली. पुराणातल्या श्रावणबाळाने आईबापांना कावडीत बसवून नेले. आपल्या या श्रावणबाळाला मात्र आपणच कचेरीपर्यंत चालत जाऊन बोलवावे लागते. एक योजना संपली म्हणजे दुसरी आपोआप सुरू होत नाही. नवा अर्ज, नवे दाखले, नवी मंजुरी, सारे पहिल्यापासून.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. लाडक्या बहिणीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. श्रावणबाळला नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असावे लागते, नाहीतर कुटुंबाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. दोन्हींमध्ये केवढे अंतर आहे पाहा. ज्या बहिणीचे घर या दोहोंच्या मध्ये आहे, तिला पासष्टीनंतर दोन्हीकडून काहीच नाही. तिने त्या पैशावर भाडे किंवा कर्जाचा हप्ता बांधून घेऊ नये, हे आजच सांगितलेले बरे.

मी अर्ज दिला तो शिमग्याच्या सुमारास. त्यासाठी वाशीला जावयाचे, म्हणजे अर्धा दिवस गेला. पहिल्या फेरीला घरच्यांना एकटे ठेवून, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून मी निघाले. परत येऊन पाहते तो ते बाजेवरून खाली पडलेले, तांब्या कलंडलेला, आणि ते भिंतीकडे तोंड करून रडत होते. त्या दिवशी मला दाखल्यांची किंमत कळली. १५०० रुपयांसाठी मी ज्यांना टाकून गेले होते, त्यांच्याचसाठी तर ते पैसे हवे होते!

दुसऱ्या फेरीच्या वेळी मंडळातील दोघी जणी आळीपाळीने त्यांच्याजवळ बसल्या. मी मागितले नव्हते. शेजारच्या काकूंनी ते पडल्याचे ऐकले होते, एवढेच.

आता भाड्याचे सांगते. तीन महिने थकले, २,७०० रुपये झाले. लाजेने मी घरमालकांना काही बोलले नाही. ते दारावरून गेले की मी आत सरे. अखेर पाडव्याला त्यांनीच निरोप धाडला की, खोली अक्षय तृतीयेपर्यंत मोकळी करा, दुसऱ्यास शब्द दिला आहे. मी तशीच उठले, त्यांच्या ओसरीवर गेले आणि सारी हकीकत सांगितली. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही संक्रांतीलाच सांगायला पाहिजे होते. मी त्या माणसाला शब्द दिला नसता." भगिनींनो, मला वाटत होते की मी माझी अब्रू झाकते आहे. प्रत्यक्षात मी त्यांना फक्त अंधारात ठेवले होते. त्यांनी दिलेला शब्द कसाबसा परत घेतला. मी कानांतली फुले मोडून तीन महिन्यांचे भाडे फेडले. अर्ज मंजूर होईपर्यंत निम्मे, म्हणजे ४५० रुपये, द्यावयाचे आणि निम्मे मागाहून, असे ठरले. ते निम्मे मी उन्हाळ्यात शेवया-पापड करून दिले. हे काम बाजेजवळ बसून करता येते.

जूनमध्ये अर्ज मंजूर झाल्याचे कळले. जुलै संपत आला तरी पासबुकावर काही येईना. तेव्हा लेक नागपंचमीला आली, तिने चौकशी केली. पैसे आलेच होते! मार्चमध्ये कोणाच्या तरी सल्ल्याने मी पोस्टात नवे खाते उघडले होते आणि त्याला आधार जोडले होते. सरकारी अनुदान आधारला शेवटी ज्या खात्याची जोडणी झाली त्यात जाते. दोन महिन्यांचे ३,००० रुपये पोस्टात पडून होते आणि मी बँकेच्या पासबुकाकडे डोळे लावून बसले होते. त्यातून चार महिन्यांचे राहिलेले १,८०० रुपये त्याच दिवशी घरमालकांच्या हातावर ठेवले.

या अनुभवातून मला जे शिकावयास मिळाले ते थोडक्यात सांगते. पासष्टीला सहा महिने राहिले की आधार कार्डावरील तारीख पाहावी. उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला, शिधापत्रिका, वयाचा पुरावा आधीच जुळवून ठेवावा. आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते बँकेत विचारून खात्री करावी आणि उगाच नवे खाते उघडू नये. मोबाईलचा नंबर आपलाच आणि चालू असलेला द्यावा. हप्ता येत असतो तेव्हाच त्यातून थोडे बाजूला काढून दोन महिन्यांचे भाडे साठवावे. आणि घरमालकाला, दुकानदाराला अडचण आधी सांगावी. मंजुरीनंतरही वर्षातून एकदा हयातीची नोंद करावी लागते, ती चुकवू नये.

परंतु ही सारी कामे एकटीने करण्याची नाहीत. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, तेथील बाईला कचेरीची वेळ आणि औषधाची वेळ एकदम पाळता येत नाही. म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. येत्या वर्षी आपल्यापैकी कोणकोण पासष्टीला पोहोचते त्याची यादी आजच करावी. आणि कोणी कचेरीत जावयास निघाली की तिच्या घरी बसावयास कोणी जावे, याची पाळी लावावी. यास पैसा लागत नाही, फक्त अर्धा दिवस लागतो.

यादीत पहिले नाव कोणाचे लिहावयाचे ते मला ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या काकूंचे. त्यांची तारीखही १ जानेवारीच आहे. आणि त्यांच्या घरी बसावयास पहिली पाळी माझी.